विचारल्याशिवाय बंद करू नये

रिकाम्या खोलीचं दारही ते टकटक केल्याशिवाय उघडत नसत. नोएडातल्या आमच्या त्या ऑफिसात खोल्या तीन आणि माणसं नऊ, त्यामुळे कुठली खोली रिकामी आहे ते प्रत्येकाला बसल्या जागेवरून दिसायचं. तरी ते दारापाशी थांबत, दोनदा टकटक करत, जरा कान देत आणि मगच आत पाऊल टाकत. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना सांगितलं, "सर, आत कुणी नाहीये."

"अच्छा?" ते म्हणाले. "विचारलंस तू?"

मी पुण्याहून नुकती आले होते, वय बावीस, आणि मला सगळंच माहीत होतं. घरच्यांशी भांडून दिल्लीकडची नोकरी धरली होती, त्यामुळे इथलं काही आवडलं नाही तरी तसं म्हणायची सोय नव्हती. ऑफिस म्हणजे एका कोठीचा, आपल्याकडच्या बंगल्याचा, पहिला मजला. खाली मालकांचं बिऱ्हाड. दुपारी त्यांच्या तडक्याचा वास जिना चढून वर यायचा. एका खिडकीतून सरसोंचं शेत दिसायचं आणि दुसऱ्या खिडकीतून नव्या इमारतींचे उघडे सांगाडे. देश खुला झालाय, बाहेरच्या कंपन्या येतायत, आता पानवाल्यालासुद्धा कॉम्प्युटर लागणार, असं मालक रोज सकाळी चहाबरोबर सांगायचे. पानवाला काही आला नाही, पण टायरवाले, औषधवाले, फर्निचरवाले येत होते आणि आम्ही त्यांच्यासाठी प्रोग्राम लिहीत होतो.

सर आमच्यात सगळ्यांत मोठे, पन्नाशीला टेकलेले, सरकारी नोकरी सोडून आलेले. होळी उलटली तरी अंगातला बिनबाह्यांचा स्वेटर उतरत नसे. आईवडील लहानपणीच गेले; एका मंत्रालयात स्टेनो असलेल्या थोरल्या बहिणीनं दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांना वाढवलं, एवढंच मला कळलं होतं. लग्न केलं नव्हतं. त्यांची मराठी ऐकून माझ्या आईनं कपाळावर हात मारला असता. "मी बिल्कुल जेवण करून घेतलं," असं म्हणायचे. कोनाडा, उंबरठा असले शब्द त्यांना सांगून समजवावे लागत. मला नावानं हाक मारत नसत, 'पुणेवाली' म्हणत, आणि मला ते आवडत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

निघताना मात्र ते पक्के मराठी. "येतो" म्हणायचे आणि दारात उभे राहायचे. आपल्यात 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात, आणि आतल्यानं 'या' म्हणायचं असतं. मी यायच्या आधी त्या ऑफिसात 'या' म्हणणारं कुणी नव्हतं. बाकीचे "ओके सर, बाय" म्हणून माना खाली घालायचे आणि हे आपले उभेच. मी आल्यावर ती ड्यूटी माझ्याकडे आली. एकदा मी मुद्दाम, गंमत करायची म्हणून, बोललेच नाही. समोर घड्याळ होतं. नऊ मिनिटं ते दारात उभे होते. चिडले नाहीत, खाकरले नाहीत, परत म्हणालेही नाहीत. आतून कुणीतरी उत्तर देणारच आहे, थोडा वेळ लागतोय इतकंच, अशा खात्रीनं उभे होते. शेवटी माझ्याच अंगावर काटा आला. "या सर, या!" मी जवळजवळ ओरडले. तेव्हा ते समाधानानं मान हलवून जिना उतरले.

त्यांचं खरं वेड कामात दिसायचं. कॉम्प्युटरवर जी चौकट उघडते, जिच्यात नाव-गाव भरायचं, तिला आम्ही फॉर्म म्हणायचो. असा फॉर्म डोळ्यांपुढून घालवायच्या दोन तऱ्हा असतात. एक, तो बंद करायचा. मग तो संपतो. दुसरी, तो लपवायचा. मग तो दिसत नाही, पण आतली अक्षरं धरून मशीनच्या पोटात जिवंत राहतो. नवशिके कंटाळा करून फॉर्म लपवतात आणि विसरून जातात. मग मुख्य फॉर्म बंद केला तरी प्रोग्राम संपत नाही. पडद्यावर काहीच नसतं आणि आत कुणीतरी असतं.

फॉर्म बंद व्हायच्या ऐन क्षणी मशीन एकदा विचारतं, की हा निघालाय, काही करायचंय का? त्या क्षणासाठी प्रोग्राममध्ये एक जागा राखलेली असते. क्लोजिंग इव्हेंट. आम्ही सगळे ती जागा रिकामी सोडून पुढे जायचो. त्यांनी ती कधीच रिकामी सोडली नाही. लपवलेल्या फॉर्मसाठी तर नाहीच नाही. आत काही लिहिलेलं आहे का बघ, असेल तर कुणालाच बंद होऊ देऊ नकोस, आधी विचार, असं ते तिथे लिहून ठेवत. मग व्हायचं काय, की दुकानदार संध्याकाळी घरी निघायचा आणि त्याचा कॉम्प्युटर बंद व्हायला तयार नसायचा. फोन मालकांना. मालक पायजम्यावर वर यायचे.

"यार, वो दुकान बढ़ा के बैठा है और तुम्हारा प्रोग्राम मानता ही नहीं! एक लाइन डालो, सबको मार दो. क्या प्रॉब्लम है?"

अशी एक ओळ होतीच. ती लिहिली की सगळे फॉर्म एका फटक्यात मरायचे, कुणाला काही न विचारता. ते शांतपणे म्हणायचे, "मार सकते हैं, जी. पहले पूछ लेते हैं." आणि मालक खाली गेले की माझ्याकडे वळून, "विचारल्याशिवाय कुणाला बंद करू नये."

मी हसायचे. माझं हसणं गाझियाबादच्या टायरवाल्याकडे बंद झालं.

तो प्रोग्राम माझा होता, हे आधीच कबूल करते. टायरवाल्याच्या गोदामात मफलर गुंडाळलेला एक क्लार्क दिवसभर ऑर्डरी भरायचा. त्याची तक्रार अशी, की सकाळी मशीन ठीक असतं आणि दुपारपासून जड होत जातं. "मशीन में कोई है, मैडम," तो खालच्या आवाजात मला म्हणाला. सरांनी खुर्ची ओढली, दोन-तीन बटणं दाबली आणि मशीनमध्ये त्या वेळी चालू असलेल्या सगळ्यांची यादी काढली. माझ्या ऑर्डरच्या फॉर्मचं नाव तिथे सतरा वेळा होतं. पडद्यावर एकही नव्हता. क्लार्क अर्धी ऑर्डर सोडून कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारायचा, त्याला वाटायचं गेला. माझा प्रोग्राम तो फॉर्म नुसता लपवायचा.

मी म्हटलं, "सर, मशीनच बंद करून परत चालू करू."

"बघू तरी कोण कोण आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी एकेक फॉर्म पडद्यावर आणायला सुरुवात केली. पहिल्यात कुणाचं तरी अर्धं नाव. दुसऱ्यात नुसता ट्रकचा नंबर. दहाव्यात पत्त्याच्या जागी इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, घर जाना है, घर जाना है, घर जाना है, चौकट भरेपर्यंत. क्लार्कच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मैंने तो काट दिया था, सर."

"काटा था. गया नहीं था." सरांचा आवाज इतका हळू, की आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखा. "रखना है इसे?"

त्यानं मान हलवली. तेव्हाच त्यांनी तो बंद केला. सतराच्या सतरा फॉर्मना त्यांनी असं विचारलं. मला घरी जायला उशीर होत होता, आणि तरी माझी नजर पडद्यावरून हलेना. रिकाम्या निळ्या पडद्यावर एकामागून एक फॉर्म वर येत होते, आणि प्रत्येकात त्या माणसाचा कुठला तरी एक तुकडा होता.

संक्रांतीच्या सुमाराला इथली मराठी मंडळी बस करून पानिपतला काला अंबला, लढाईच्या स्मारकाला, जातात. त्या वर्षी मीही गेले, ते होतेच. धुकं इतकं, की स्तंभाचं टोक दिसत नव्हतं. भाषणं झाली, तिळगूळ झाला, मंडळी फोटो काढायला लागली. बस निघायची वेळ झाली तरी सरांचा पत्ता नाही. शोधत गेले तर ते पार कडेला, गवतात, मान तिरकी करून उभे.

"सर, बस सुटतेय."

त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

"काय ऐकताय?"

"काही नाही. विचारून बघितलं." बसमध्ये ते खिडकीशी बसले. मग म्हणाले, "एका दिवसात एवढी माणसं गेली यार. प्रत्येकाचं काहीतरी अर्धं राहिलं असणार ना." मी डब्यातली गुळपोळी त्यांच्यापुढे केली. भीती वाटली की मी खायला काढते, ही माझी जुनी सवय.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती मार्चमधल्या एका रविवारी, जेवायला. ऑफिसपासून दहा मिनिटांवर नवी सोसायटी उठली होती, तिथे सातवा मजला. बहुतेक फ्लॅट लोकांनी गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेले; दारांवरचं प्लास्टिकही कुणी काढलेलं नव्हतं. त्यांच्या मजल्यावर चार दारं, तीन तशीच गुंडाळलेली. चौथ्यापुढे ते थांबले, खिशातून किल्ली काढली आणि बेल वाजवली. स्वतःच्या, कुलूप घातलेल्या घराची बेल. आत ती वाजलेली आम्ही दोघांनी ऐकली. मग जरा थांबून त्यांनी कुलूप उघडलं.

स्वयंपाक चांगला केला होता, मसुरीची आमटी आणि जाडजूड पोळ्या. जेवताना माझं लक्ष सारखं आतल्या बंद दाराकडे जात होतं. त्या दारामागून घुर्रर्र असा बारीक, एकसुरी आवाज येत होता. पंखा असावा. ठीक दोन वाजता तिथून टीं, टीं, टीं असं तीनदा वाजलं. माझा घास हातात राहिला.

"गोळीची वेळ झाली," ते म्हणाले.

"कुणाच्या?"

"आक्काच्या."

बहीण घरात आहे हे त्यांनी सांगितलं कसं नाही, असं मनात येऊन मी उठलेच. "मग त्यांनाही बोलवा ना जेवायला!"

"ती जूनमध्ये गेली," ते म्हणाले, आणि आमटी वाढायला पळी उचलली.

मग त्यांनी मला ते दार उघडून दाखवलं. अर्थात आधी टकटक करून. खोलीत पलंग, सुती चादर, टेबलावर कॉम्प्युटर. त्याखाली बॅटऱ्यांची ओळ, वीज गेली तरी मशीन चालू राहावं म्हणून. पडद्यावर बोटभर लांबीचा एक फॉर्म होता. त्यात एक शब्द लिहायची रिकामी जागा आणि 'बंद' असं एक बटण. बाकी काही नाही.

उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. आक्का निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं आणि दोघं इथे आले. सरोजिनी नगरात तिला दर दहा पावलांवर ओळखीचं माणूस. इथे लिफ्टमध्येही कुणी भेटत नसे. तिचा हृदयाचा त्रास वाढला, डॉक्टरांनी नवी गोळी दिली. सर दिवसभर ऑफिसात. म्हणून त्यांनी तिच्यासाठी प्रोग्राम केला. एक मोठा फॉर्म, तिला हवं ते लिहायला. ती मराठीच लिहायची, पण इंग्रजी अक्षरांत. दुपारी दोनला तो फॉर्म तीनदा वाजायचा आणि गोळी घेतली का म्हणून विचारायचा. आपलं लिहिलेलं येताजाता कुणाला दिसू नये अशी तिची अट होती, म्हणून पाच मिनिटं हात थांबले की फॉर्म आपोआप लपायचा. परत आणायला ह्या छोट्या फॉर्ममध्ये एक शब्द लिहावा लागायचा, आणि तो शब्द तिनं स्वतः ठरवलेला, कुणाला न सांगता.

"बारा दिवस चालला तो प्रोग्राम," ते म्हणाले. "मी संध्याकाळी आलो तर ती ह्या खुर्चीवर. पडद्यावर हा छोटा फॉर्म तेवढा. मोठा लपला होता."

"म्हणजे तो फॉर्म अजून..."

"आहे ना. तू ऐकलंस आत्ता. लपलेल्या फॉर्मचं घड्याळ थांबत नाही."

मी दाराची चौकट धरली. नऊ महिने तो न दिसणारा फॉर्म रोज दुपारी दोनला आक्कांना गोळीचं विचारत होता.

"त्या दिवशी सकाळी ती काहीतरी सांगायला लागली होती," ते म्हणाले. "मला उशीर होत होता. मी बूट घालता घालता म्हटलं, लिहून ठेव ना, संध्याकाळी वाचतो. 'येतो'सुद्धा म्हटलं नाही यार. मला वाटतं परत जायचं म्हणत असणार, सरोजिनी नगरकडे कुठेतरी भाड्यानं. माझ्यावर रागावली होती का काय, माहीत नाही. पण तिनं लिहिलं असणार. ती स्टेनो होती. लिही म्हटलं की लिहायची."

"मग बंद करा ना, सर. तुमच्या क्लोजिंग इव्हेंटनं ठेवलं असेल सगळं."

ते माझ्याकडे बघतच राहिले. इतका घाबरलेला माणूस मी पुन्हा कधी पाहिला नाही. ते म्हणाले, बंद होताना मजकूर जपून ठेवायचा, असंच आधी लिहिलं होतं. आक्का म्हणाली, मी ठेवीन तेवढंच ठेव, माझं अर्धवट कुणी वाचायचं नाही, बाकी पुसून टाक. म्हणून बदललं. मग त्यांना वाटलं, चुकून बंद झालं तर बिचारीचं सगळं जाईल, परत बदललं. असं दोन-तीनदा. शेवटी त्या मशीनवर कुठलं चढवलं ते त्यांना आठवत नव्हतं, आणि मूळ प्रोग्रामच्या फ्लॉपीला बुरशी लागली होती. 'बंद' दाबलं तर एक तर आक्कांचे शेवटचे शब्द हाती येणार, नाही तर कायमचे पुसले जाणार. ज्या माणसानं सगळ्या गाझियाबादला विचारून विचारून जेरीला आणलं, त्याला स्वतःच्या घरी काय लिहिलंय ते आठवत नव्हतं.

"मशीनच्या मेमरीतून खेचून काढता येईल," मी म्हटलं. मला सगळं माहीत होतं, हे सांगितलंच आहे.

"तिच्या पर्समध्ये मी कधी हात घातला नाही," ते म्हणाले. तो विषय तिथेच संपला. रोज सकाळी ते एक शब्द टाकून बघत. फक्त एक. गावाचं नाव, तिच्या मैत्रिणीचं, देवीचं. लागला नाही की कीबोर्डवर फडकं पांघरून ऑफिसला येत.

मेमध्ये एका दुपारी त्यांचा फोन आला. त्या दिवशी त्यांनी रजा घेतली होती. ट्रान्सफॉर्मरच्या दुरुस्तीसाठी वीज बंद राहील अशी सोसायटीनं सूचना लावली होती. वीज गेली की ते घरीच बसत. साडेतीनला आकाश पिवळं झालं, मग विटकरी, आणि आंधी आली, धुळीचं वादळ. भर दुपारी ऑफिसात दिवे लावावे लागले. फोनवर वाऱ्याचा आवाज, आणि त्यातून ते म्हणाले, "पुणेवाली, येशील का? सोसायटीचा जनरेटर बंद पडलाय. बॅटरी संपत आली. मला एकट्याला नाही जमणार."

मोपेड कशी हाकली मला आठवत नाही. दातांत वाळू कचकचत होती. सात मजले जिन्यानं चढले. जिन्यात काळोख, आणि प्रत्येक मजल्यावर वाऱ्यानं दारांची प्लास्टिकं फडफडत होती, आत कुणीतरी अंगावरचं पांघरूण काढतंय अशी. त्यांचं दार उघडं होतं. खोलीत पडद्याचा तेवढा उजेड. बॅटरी पिप्, पिप् करत होती, आणि दोन आवाजांमधलं अंतर कमी होत होतं.

"किती वेळ आहे?"

"पाच मिनिटं. सात."

"मग दाबा 'बंद'."

"पुसलं गेलं तर?"

"नाही दाबलं तर जाणारच आहे!" मी ओरडले. वडिलांच्या वयाच्या माणसावर मी अशी कधी ओरडले नव्हते. "त्यांना विचारायला तुम्हाला पाच मिनिटं उरलीत, सर. परत नाही मिळणार."

त्यांनी टेबलावर बोटानं दोनदा टकटक केली. मग 'बंद' दाबलं.

फॉर्म गेला नाही. त्यावर एक छोटी चौकट आली. 'आत मजकूर आहे. ठेवायचा? हो. नाही.' तो त्यांचाच प्रश्न होता, त्यांच्याच शब्दांत. ठेवायचं की पुसायचं या ओढाताणीत शेवटी त्यांनी तिसरंच काहीतरी लिहिलं होतं आणि ते साफ विसरले होते. मला इतका आनंद झाला, की मी त्यांचा दंड धरला. त्यांनी माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

"हे तिला विचारलंय," ते म्हणाले. "मला नाही."

पिप्, पिप्, पिप्. मग सलग एकच सूर लागला. मी पुढे वाकले आणि 'हो' दाबलं. पुढच्या श्वासाला पडदा काळा झाला, आणि वर्षभराची ती घुरघुर एकदम थांबली.

मी केलं ते बरोबर की चूक, माझं मला अजून ठरवता आलेलं नाही. आक्कांनी नको म्हटलं होतं. ते मला ठाऊक होतं आणि तरी मी दाबलं. आम्ही बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो. आंधी ओसरली, चार थेंब पडले, पिकल्या लिंबाच्या रंगाचा उजेड जमिनीवरच्या धुळीवर पसरला. मजकूर ठेवला गेला की मध्येच वीज संपली, दोघांनाही माहीत नव्हतं.

साडेसहाला दिवे आले. मशीन आळोखेपिळोखे देत सुरू झालं. त्यांनी शोधलं. फाइल होती. तिचा आकार बघून ते मागे सरकले.

"एवढी मोठी?" ते कुजबुजले. "बारा दिवसांत एवढं होत नाही. हे कुणी लिहिलं?"

खरं सांगते, त्या क्षणी मी पळाले असते. पण त्यांनी खुर्ची माझ्यापुढे केली आणि म्हणाले, "मला दिसत नाही. तू वाच. मोठ्यानं."

मी वाचायला लागले. वर आक्काच होत्या. प्रोग्राम विचारी, गोळी घेतली का, आणि खाली त्यांचं उत्तर. घेतली. घेतली. चौथ्या दिवशी, घेतली, जरा गरगरतं. पाचव्या दिवशी, घेतली, भिंत धरून चालले, त्याला सांगायला हवं. आठव्या दिवशी, आज अर्धीच घेतली, तरी तेच. सकाळी तो घाईत असतो, रविवारी सांगेन. रविवारी, त्याला झोप लागली होती, उठवलं नाही. घर बदलायचं, सरोजिनी नगरचं एक अक्षरही कुठे नव्हतं. बारावा दिवस आला.

"घेतली. आज सांगायला घेतलं होतं, की ही गोळी मला झेपत नाही, डॉक्टरांना विचार. लिहून ठेव म्हणाला, संध्याकाळी वाचतो. म्हणून लिहिते. डोळ्यांपुढे"

तिथे थांबलं होतं.

ते म्हणाले, "रोज उत्तर देत होती ती."

"हो, सर."

"मी विचारायला मशीन ठेवलं, आणि ती रोज उत्तर देत होती यार."

ते रडले असते तर मला बरं वाटलं असतं. मी पाणी आणायला उठले तर त्यांनी हातानं खाली बसवलं. "पुढे वाच."

"पुढे काही नाही, सर."

"मग फाइल एवढी मोठी कशी? वाच."

मी पान खाली सरकवलं. आक्कांच्या शेवटच्या शब्दाखाली त्याच्या पुढच्या दिवसाची ओळ होती. गोळी घेतली का? खाली मोकळी जागा. मग त्याच्याही पुढच्या दिवसाची. मग त्याच्याही पुढच्या. पानच्या पानं तीच ओळ, रोज दुपारी दोनची, अकरा महिन्यांची, आज दुपारपर्यंतची.

"नुसता प्रश्नच आहे, सर. त्यालाही किती वेळा..."

"प्रश्न माझा आहे. वाच."

मी वाचलं, "गोळी घेतली का?"

ते म्हणाले, "नाही."

मला वाटलं झालं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते हात मांडीवर ठेवून, पाठ ताठ करून, पुढच्या ओळीची वाट बघत होते.

"गोळी घेतली का?"

"नाही."

तीनशेच्या वर ओळी होत्या. माझा घसा सुकला, खाली सोसायटीत दिवे लागले. एकही ओळ त्यांनी मला गाळू दिली नाही, आणि एकाही ओळीला उत्तर द्यायचं त्यांनी सोडलं नाही.